मनोहरच्या नावावर खपवलेलं वाक्य

महिना झाला मनोहरला जाऊन. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की आधी शोकसभेची किळस वर येते. भंडाऱ्याच्या ज्या महाविद्यालयात त्याने आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, तिथले प्राचार्य माइकवर म्हणाले, "सरांनी सिद्ध केलं, की पाहणाऱ्याचं मनच जग घडवतं. ज्याचं त्याचं सत्य." हेच वाक्य प्रयोगशाळेच्या फलकावर कोरणार, हेही जाहीर झालं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... आणि मीही वाजवल्या.

आम्ही दोघं दिघोरीचे, एका बाकावरचे. मी शाळेत गणित शिकवलं, तो अणूंच्या मोजमापातल्या कोड्यांत शिरला. एकदा कारध्याच्या टपरीवर चहा पिताना मीही शहाणपणा केला होता, "म्हणजे ज्याचा त्याचा दृष्टिकोन." तो भडकला. "दृष्टिकोनाचा काय संबंध बे? माणूस नसला, नुसती मशीन मोजत असली तरी तेच. कशाच्या सोबत मोजलं, ते विचार." मग तिथल्या बाकावर खडूने तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ घरं आखली आणि शेतावरून आणलेले धानाचे दाणे पुढे केले. "एका घरात एक दाणा ठेव, नाही तं रिकामं सोड. दर आडव्या ओळीत दाणे सम पाहिजेत, दर उभ्या ओळीत विषम. भर." अर्धा तास झटलो. आडवी बेरीज केली की एकूण सम, उभी केली की विषम, दाणे मात्र तेच. जमणारच कसं? तो हसला. "पण अणूंची अशी नऊ मोजमापं आहेत. एका वेळी एकच ओळ मोजता येते, अन् आडवी-उभी कोणतीही मोज, नियम पाळूनच उत्तर येते. म्हणजे दाणे आधीच घरात होते, आपण फक्त झाकण काढलं, असं म्हणता येत नाही."

फलकाच्या मजकुराला घरच्यांची संमती हवी म्हणून प्राचार्यांनी कागद माझ्या हाती दिला आणि मी तो निमूट घेतलाही. मनोहरच्या बायकोने, चौथी शिकलेल्या कुंदावहिनींनी, तो दोनदा वाचला.

"भाऊजी, मलेही भरायले लावले होते ते नऊ घरं. मनात लाख आणलं तरी भरत नाहीत. मग मनानं जग कसं घडते?" कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तुम्ही तं होते न सभेत. काहून नाही बोलले?"

मला माझीच शिसारी आली. त्याच्या खोलीत टेबलावर लाल पेन होतं, टोपण दातांनी चावून चपटं झालेलं. त्याच पेनाने ते वाक्य खोडलं आणि कागद प्राचार्यांना नेऊन दिला. त्यांनी वरही पाहिलं नाही. "बरं, मग नुसतं नाव टाकू," म्हणाले.

एवढंच होतं. एवढं बोलायला मला महिना लागला.