नव्या घरातला खोकला

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "ट्युबरक्युलोसिस," ते म्हणाले. म्हणजे क्षय. डावं फुफ्फुस बरंच खराब झालं होतं. "खोकला कधीपासून आहे?"

माझी विधवा नणंद रूथ माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणाले, "महिना झाला असेल."

ते खोटं होतं. ती पावसाळ्यापासून खोकत होती.

आमचे हे देहूरोडच्या डेपोत हेडक्लार्क. चिंचवडला आमचं घर बांधून होत होतं आणि नव्या भिंतींना दोन्ही वेळा पाणी मारायचं काम रूथकडे होतं. संध्याकाळी तिला कणकण येते, हे मला माहीत होतं. घर झालं की डॉक्टरांकडे जाऊ, असं मी म्हणत राहिले. घराच्या समर्पणाच्या दिवशी पाळकसाहेब प्रार्थना करत असताना मागच्या खोलीत तिला खोकल्याची उबळ आली. डेपोतले साहेब बसलेले. मी उठून त्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं.

पुण्याच्या मिशन हॉस्पिटलात स्प्युटम, म्हणजे थुंकी तपासली. जंतू निघाले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन सुरू झालं. त्यानं तिचे कान सारखे वाजायचे. दूध, अंडी, मोकळी हवा आणि धीर, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचे. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, ती नगरला गेलीय.

तिच्या शेजारच्या खाटेवर कुरुळीच्या सखूबाई होत्या. त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. मी नेलेल्या डब्यातलं निम्मं रूथ त्यांना द्यायची. एकदा मी तिला रागावले. सखूबाई ओशाळल्या. "म्या न्हाई मागत, बाई. तीच देती."

रूथ म्हणाली, "वहिनी, त्या नुसत्या बघत असताना मला घास जात नाही."

धनदौलतीवरची प्रवचनं मी दर रविवारी ऐकत होते. ती दुसऱ्या कुणासाठी आहेत, असं मला वाटायचं.

पाचव्या महिन्यात थुंकीत जंतू दिसले नाहीत. त्या दिवशी मी तिच्यापाशी दाराचं आणि खोट्याचं बोलले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून तर दार लावल्यावर मी तोंडात पदर कोंबला. तुमचा एवढा मोठा दिवस."

तिच्या बोलण्यात जराही टोचणी नव्हती. तेच मला सोसवेना.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी मंडळीपुढे उभी राहून सगळं सांगितलं. आमचे हे माझ्यासाठी न थांबता एकटेच घरी निघून गेले.

रूथ आज हिंडतेफिरते, चढावर दम लागतो. तुमच्या घरात कुणी खोकत असेल, तर हातातलं काम टाकून आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. रूथ वाचली म्हणून मी रोज प्रभूचे आभार मानते. आभार मानताना मान मात्र वर होत नाही.