तडकलेली अंडी

आमच्या घरात अख्खं अंडं कधी कोणी खाल्लं नाही. बाबांचा चामराजपेटेच्या बाजारात अंड्यांचा घाऊक व्यापार होता. तमिळनाडूहून पहाटे लॉरी यायची. माल उतरवताना ज्या अंड्यांना चीर गेलेली दिसे, ती घरी यायची, बाकीची विकायची. "अख्खं अंडं गिऱ्हाइकाचं," बाबा म्हणत. एका वाढदिवसाला मी हट्टाने न तडकलेलं मागितलं, तर म्हणाले, "आत काय वेगळं असतं गं?"

रोज सकाळी फोनवर भाव यायचा. तो आईला ऐकवल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. श्रावणात भाव पडे, नाताळच्या केकांसाठी चढे. घरातला आवाजही त्याच्याबरोबर खालीवर होई.

बाबांना जाऊन आता चार महिने झाले. दुकान दुसऱ्याने घेतलं. भाव मात्र त्यांच्या फोनवर अजून येतो, आणि आई मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडच्या माझ्या घरी फोन करून सांगते, "आज पाच पैशांनी उतरला."

तिचं अन्न तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, निदान रोज एक अंडं तरी पोटात जाऊ दे. मी डझनभर घेऊन गेले. आठवड्याने पाहिलं, तर खोका तसाच.

"अगं, सगळी चांगली आहेत," ती म्हणाली. "शेजारच्या अक्कांना दे. त्यांच्याकडे खाणारी माणसं आहेत."

पुढच्या रविवारी नवा खोका घेतला आणि घरून निघताना एका अंड्यावर चमचा मारला. ते वाटीत ठेवून, वाटी मांडीवर धरून बसने गेले.

"आई, वाटेत हे एक तडकलं बघ."

तिने ते खिडकीपाशी नेऊन फिरवलं. "लॉरीत चीर बुडाशी जाते. केसासारखी. ही चमच्याची आहे."

मी रिकामी वाटी ओट्यावर ठेवली.

"ते असते तर रागावले असते तुला. विकता येणारं अंडं फोडलंस."

पण बोलता बोलता तिने तवा ठेवला होता. तडकलेलं टाकून द्यायचं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. ओट्याशी उभ्यानेच तिने ते खाल्लं. मध्ये एकदा थांबली, दाराकडे पाहिलं, आणि उरलेला घास संपवला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी खोका आणला तो तसाच, एकही न फोडता. खोटं पुन्हा करवेना. तिने झाकण उघडलं, एकेक अंडं फिरवून पाहिलं. मग एक अंडं उचलून माझ्या हातात दिलं आणि चमचा माझ्याकडे सरकवला.

"हळू मार," ती म्हणाली. "बुडाशी."