परबांची बेंबी आणि आमचे सर

परळच्या रुग्णालयात मूत्रविकार विभागात मी हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणून रुजू झालो, त्या सकाळी डॉ. आजगेकर खिडकीपाशी उभे होते आणि काचेच्या उभ्या भांड्यातली लघवी उजेडात धरून पाहत होते. मी नमस्कार केला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय दिसतं?"

"लघवी," मी म्हणालो.

"ती मलाही दिसते," सर म्हणाले, आणि माझं शिक्षण सुरू झालं.

मूत्रमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगांवरचं सरांचं काम आज विद्यार्थी अभ्यासतात. ते काम कसं झालं, हे आम्ही जवळून पाहिलं. सर गाठीचा तुकडा तपासायला पाठवून अहवालाची वाट पाहत बसत नसत. स्वतः जिना उतरून प्रयोगशाळेत जात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत, तिथल्या डॉक्टरांशी कडाकडा भांडत आणि त्यांचाच चहा पिऊन वर येत. एकदा मी म्हणालो, "सर, हा प्रकार फार दुर्मीळ आहे." तेव्हा म्हणाले, "तो शब्द आपल्यासाठी. ज्याला झालाय त्याला तो पुरताच झालाय." रोगी गिरणीतला असो की पेढीवरचा, सर त्याला अहो-जाहोच करत. मला विषमज्वर झाला तेव्हा गिरगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते पेजेचा डबा घेऊन चढून आले होते. डबा परत करायला मी विसरलो, हे त्यांच्या पत्नी मला अजून ऐकवतात.

पण आज लिहायचं आहे ते बाबाजी परबांविषयी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. सर पंधरा दिवस गावी गेले होते आणि बाह्यरुग्ण विभाग माझ्या हाती होता. लालबागचे एक गिरणी कामगार आले. इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी कुजबुजले, "डॉक्टर, लघवीतना धात जाता." लघवीवाटे वीर्य जाण्याची ही तक्रार आमच्याकडे रोज यायची. निम्म्या पुरुषांना ही भीती असते आणि निम्म्यांची ती निव्वळ भीतीच असते. मी मनात हसलो, कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं, टॉनिक दिलं आणि पुढच्याला हाक मारली.

सर परत आले आणि सवयीप्रमाणे मागचे सगळे केसपेपर चाळायला बसले. परबांच्या कागदावर थांबले.

"लघवी तुम्ही पाहिलीत?"

"सर, त्यांनी सांगितलं की..."

"त्यांनी सांगितलं ते लिहिलंय. तुम्ही पाहिलीत?"

मी नाही म्हणालो. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता, ट्राम बंद. सर म्हणाले, "चला, चालत जाऊ." कागदावर पत्ता एवढाच होता: लालबाग, मधली चाळ. लालबागेत मधल्या चाळी ढिगाने! तासभर फिरल्यावर एका चौकात घोळका दिसला आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी खणखणीत आरोळी आली. माझ्या कानाशी कुजबुजलेले गृहस्थ ते हेच.

परबांना रुग्णालयात आणून त्यांची लघवी सरांनी उजेडात धरली. तिच्यात शेंबडासारखे चिकट धागे तरंगत होते; परबांची 'धात' ती हीच. गर्भात असताना मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक नळी असते. पुढे ती बुजते, पण तिचा दोर राहतो आणि क्वचित त्या दोरातच कर्करोग धरतो आणि असा चिकट स्राव लघवीत सोडतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून पाहिलं तर मूत्राशयाच्या माथ्यावर, नेमकी तिथेच गाठ होती. इतर वरिष्ठांनी सगळंच मूत्राशय काढायचा सल्ला दिला. सरांनी तीन संध्याकाळी प्रयोगशाळेत घालवल्या आणि ठरवलं: माथ्याचा भाग, तो दोर आणि बेंबी एकसंध काढायची, बाकीचं मूत्राशय वाचवायचं.

बेंबीचं ऐकून परब उठूनच बसले. "साहेब, बेंबीच्या देठापासना आरडतंय मी! तोच काढलात तर मुंबई मागूची कशी?"

"आवाज छातीतून येतो, परब," सर गंभीरपणे म्हणाले. "बेंबी नुसतं श्रेय घेते."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. विभागाच्या बैठकीत सरांनी सांगितलं, "निदानाला आमच्याकडून पंधरा दिवस उशीर झाला." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

घरी निघताना परबांनी माझेच हात धरले. "डॉक्टरानू, तुमी माका शोधूक इलात म्हणान मी वाचलंय." सर शेजारी उभे होते. परब गेल्यावर एवढंच म्हणाले, "त्या पंधरा दिवसांचं त्यांना माहीत नाही. मी सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा." त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

परब ठरल्या वेळी तपासणीला येत. दर वेळी मी सांगायचं ठरवायचो आणि दर वेळी शेपूट घालायचो. मुंबईसह महाराष्ट्र झाला, परब पेढे घेऊन आले. त्या दिवशीही मूत्राशय स्वच्छ निघालं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला. आता हात उगारतात की काय, असं मला वाटलं. मग डोळे पुसत म्हणाले, "इतकी वर्सा मी घोकत होतंय, लाजेपायी मीच उशीर केलंय. घरातल्यांकडे बघूची पण लाज वाटा. म्हणजे माझ्या एकट्याची चूक नाय ती?"

"नाही," मी म्हणालो. माझी लाज वाचवण्यासाठी मी त्यांची लाज इतकी वर्षं वाढवत ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. सरांना ते पहिल्या दिवशीच कळलं असावं.

सर, आपण पंचाहत्तरी गाठलीत. अजूनही आठवड्यातून दोनदा आपण रोगी पाहता, याचा आम्हा सर्व शिष्यांना आनंद आहे आणि थोडा धाकही. आपल्याला भरपूर आणि ठणठणीत आयुष्य लाभो. आपण कधी विचारलं नाहीत, म्हणून आज चारचौघांत सांगतो: मी परबांना सांगितलं. ते आपल्याला कळवायला मात्र इतकी वर्षं लावली. माझा हा उशीरही पोटात घालावा.