ओट्यापुढचा खळगा

गोटीमिस्त्रीच्या खिशात हल्ली गोटी नसते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरात जमिनी बसवतोय. नव्या घरात शिरला की आधी चपला काढायचा, अनवाणी पायांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, आणि मग खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर सोडायचा. हिरवी रेघ असलेली, लहानपणीची गोटी. ती घरंगळत जिथे थांबेल तिथे खडूनं फुली. सपाटी बघायची पाणसळही त्याच्याकडे होती, चांगली लांब पितळी होती, पण ती नंतर. "पाणसळ विचारलं तेवढंच सांगते," तो म्हणायचा, "गोटी न विचारता सांगते."

स्वभाव विचारू नका. तिरसट, एकदम तिरसट. जमीन बसवल्यावर पायाखाली कुठे बारीकसं 'टक्' झालं तरी याच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा एका गिऱ्हाइकानं कौतुकानं जेवायला बोलावलं, तर हा भरल्या ताटावरून उठला आणि दाराजवळची फळी उचकटायला लागला. का, तर वाढणारीच्या पायाखाली वाजली म्हणून! बायको तेव्हापासून त्याच्याबरोबर कुठे जेवायला जात नाही.

अशा माणसाला त्या घरी बोलावणं आलं.

घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. बाहेरची खोली, मधला दरवाजा, आत स्वयंपाकघर. राहणारे दोघंच. एक म्हातारा घड्याळजी, आठ वर्षांपूर्वी दृष्टी गेलेला. दुसरी त्याची मुलगी, टपाल कचेरीत नोकरी करणारी. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मुलीनं दारातच सगळं सांगून टाकलं. बाबा वर्षभरात दोनदा पडले. पहिल्यांदा मनगट मोडलं, दुसऱ्यांदा खुब्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा पडले तर परत उठतील याची खात्री नाही.

"मी दिवसभर कामावर असते, मिस्त्री. दर तासाला फोन करते. उचलायला जरा उशीर झाला ना, की माझे हातपाय गार पडतात."

आणि जमीन बघाल तर, बाप रे! तीस वर्षांत घरमालकानं तिला हात लावला नव्हता. कुठे फुगलेली, कुठे खचलेली, निम्म्या फरश्या सुटलेल्या. पाय ठेवला की टक्, उचलला की टुक्. वर घरमालकाची अट: फोडायचं नाही, चिकटवायचं नाही, घर सोडताना सगळं उचलून न्यायचं.

मुलगी नमुने घेऊन बसली. जाड रबरी चादर अंथरली तर? मिस्त्री म्हणाला, "ती खाली जसं असेल तशी बसते, ताई. खळगा झाकेल, भरणार नाही." गालिचा? "त्यांचा पाय अडकेल." फरशीवर फरशी? "दार उघडणार नाही, आणि मालक मला उभा चिरेल." शेवटी ठरलं ते असं. जुन्या फरशीवर प्लास्टिकचा कागद, खोलगट जागी प्लायवूडच्या पातळ चकत्या एकावर एक रचून सपाटी, आणि वर एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या. ना खिळा, ना गोंद.

"बाबा, चालेल ना?" मुलीनं विचारलं.

खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मान हलवली. चेहरा मात्र दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यासारखा.

मुलगी कामावर गेली. मिस्त्रीनं चपला काढल्या आणि बाहेरच्या खोलीत गोटी सोडली. गोटी घरंगळत निघाली, मधल्या दारातून आत वळली आणि स्वयंपाकघरात ओट्यापुढे जाऊन थांबली. तिथे दोन बशांएवढा उथळ खळगा होता.

"ओट्यापुढे थांबली ना?" म्हातारा बाहेरून म्हणाला. "तिथे पोरीची आई उभी राहायची. एकोणतीस वर्षं."

मिस्त्रीनं खडूनं फुली मारली. दुसऱ्या कोपऱ्यातून गोटी सोडली. ती पुन्हा तिथेच. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखालून सोडली. पाणसळ सांगत होती की खिडकीखालचा उतार बाहेरच्या भिंतीकडे आहे. पण गोटी गेली ओट्याकडेच. मध्ये एक चढ होता. चढाशी जरा थबकली, आणि वर चढून गेली. मिस्त्रीनं डोळे चोळले. पाणसळ उलटीसुलटी करून पाहिली, झटकून पाहिली, तिच्यावर तोंडसुख घेऊन झालं. गोटी खळग्यात गपगार.

तेवढ्यात ओट्यापुढची फरशी वाजली. टक्.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मिस्त्री बाहेरच्या खिडकीशी उकिडवा होता, तिथून मधल्या दारातून ओटा समोर दिसत होता. मग दारातली फरशी वाजली. टक्. मग बाहेर, खुर्चीजवळची. टुक्. म्हाताऱ्यानं पसरलेले पाय आत घेतले, घरातलं माणूस पुढून जाताना आपण घेतो तसे.

मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षांत त्यानं हजारो फरश्या वाजताना ऐकल्या होत्या. फरशी पाय पडल्याशिवाय वाजत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ऐकलंत?" म्हातारा हळूच म्हणाला. "मला वाटलं, मलाच ऐकू येतं."

"उन्हानं तापतात फरश्या," मिस्त्री म्हणाला.

"मी घड्याळं दुरुस्त करायचो हो. टकटक कशाची ते मला कळतं." मग म्हणाला, "मी दोनदा पडलो ना, ते फरशीला अडखळून नाही. मी खुर्चीतून उठलो होतो, आणि ती आलीय हे कळलं. तिला वाट द्यायला बाजूला झालो. धरायला काही नव्हतं. लेकीला सांगू नका. ती मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल."

"मग जमीन कशाला बदलताय?"

"पोरीचा जीव टांगणीला लागलाय. तासातासाला फोन करते. घाला तुमच्या फळ्या. तिला तरी झोप लागू दे."

आता दुसरा कुणी असता तर सामान उचलून निघून गेला असता. पण मिस्त्रीला कामाची भीती वाटली की तो जास्तच नेटानं काम करतो. तीन दिवस त्यानं मान वर केली नाही. ओट्यापुढच्या खळग्यात सात चकत्या गेल्या. शेवटची फळी बसली तेव्हा सबंध घर तळ्यासारखं सपाट झालं होतं. गोटी सोडली. सोडली तिथेच राहिली. मिस्त्री या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय आपटत चालला. आवाज म्हणून नाही.

मुलीनं डोळ्यांत पाणी आणून हात जोडले.

म्हातारा खुर्चीतून उठला. चार पावलं चालला आणि खोलीच्या मधोमध थांबला. आठ वर्षं तो पायाच्या खुणांवर चालत आला होता. चढ लागला की दार, टुक् झालं की खुर्ची. आता पायाखाली काहीच नव्हतं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"पोरी, मी कुठे आहे गं?" तो म्हणाला.

"घरातच आहात, बाबा. होईल सवय." मुलीनं त्याला धरून बसवलं.

मिस्त्रीनं गोटी उचलून खिशात टाकली आणि घर गाठलं. काम उत्तम झालं होतं.

त्याच्या स्वतःच्या घरची जमीन त्यानंच बसवलेली. पंधरा वर्षं झाली, हूं की चूं नाही. त्या संध्याकाळी तो बाहेर बसला होता आणि बायको आत भाजी चिरत होती.

"अहो, मध्ये मध्ये काय करताय? बसा की बाहेर," बायको ओरडली.

"मी बाहेरच आहे."

"मग माझ्या मागून कोण फिरतंय मघापासून?"

मिस्त्री उठून दारात गेला. बायकोच्या मागे, ओट्यापुढे, जमीन वाजली. टक्. बायकोचा सुरी धरलेला हात थांबला. नवऱ्याच्या खिशातून गोटी कधी पडली ते दोघांनाही कळलं नाही. ती घरंगळत ओट्यापुढे गेली आणि थांबली. त्या जमिनीवर गोटी घरंगळायला उतारच नव्हता. पाणसळ लावून, घासून, घोटून त्यानं ती सपाट केली होती.

तो उंबऱ्यावरच बसला. मग बायकोला त्यानं सगळं सांगितलं. बायको काही घाबरट नव्हे. तिनं सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला, पदराला हात पुसले.

"म्हणजे तिची वाट बुजवून आलात तुम्ही," ती म्हणाली. "आणि तुमच्या खिशात बसून ती इकडे आली. बिचारी परक्याच्या स्वयंपाकघरात घोटाळतेय. तिकडे तो आंधळा जीव कान लावून बसला असेल. काही लाजबिज?"

"मी काम चोख केलं!"

"केलंत ना. आता जा, आणि ती ज्या घरची तिथे तिला सोडून या. उद्या सकाळी. आणि तोवर माझ्या पुढ्यातून हलायचं नाही, मला एकटीला भीती वाटते."

तर म्हणे घाबरट नव्हे!

सकाळी मिस्त्री हत्यारं घेऊन निघाला. गोटी मुठीत घट्ट. रस्ताभर कुणी जवळून चालतंय असं वाटून तो फुटपाथच्या कडेकडेनं चालत राहिला, शेजारी जागा सोडून. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, या माणसाला चक्कर येतेय.

दार मुलीनं उघडलं. रजा काढली होती. रडून डोळे सुजलेले.

"बाबा कालपासून उठलेच नाहीत. जेवत नाहीत, बोलत नाहीत. नुसते कान देऊन बसलेत. मिस्त्री, पडण्याची भीती गेली हो, पण हे काय होऊन बसलं?"

"माझ्या कामात चूक राहिलीय, ताई," मिस्त्री म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

तो म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी बसला. "काका, कुठे कुठे वाजायचं? नीट सांगा."

म्हाताऱ्यानं बोट आतल्या दिशेनं केलं. "ओट्यापुढे. मग दारात, डाव्या अंगाला. मग इथे, माझ्या पायाशी."

मिस्त्रीनं फळ्या उकलल्या. ओट्यापुढच्या सातही चकत्या काढल्या. दारातल्या तीन. खुर्चीपाशी दोन. आणि ओट्यापुढच्या खळग्यात गोटी ठेवून दिली. मग फळ्या पुन्हा अडकवल्या. त्यांच्याखाली आता तीन ठिकाणी पोकळी होती, आणि अशा पोकळीवर फळी दबते, वाजते. ज्या दोषासाठी भरल्या ताटावरून उठला, तो त्यानं स्वतःच्या हातानं तीन जागी घातला. प्रत्येक जागी पाय देऊन पाहिलं. टक्. टक्. टुक्. अडखळण्याइतकं खोल काही नव्हतं, फळी नुसती दबत होती.

"मिस्त्री, अहो, हे तर वाजतंय!" मुलगी दारात येऊन म्हणाली.

"वाजू द्या."

शेवटी त्यानं खुर्चीशेजारच्या भिंतीवर हाताला धरायचा लाकडी दांडा ठोकला. भोकांसाठी मालकाला काय सांगायचं ते आपण सांगू म्हणाला. म्हाताऱ्याचा हात घेऊन दांड्यावर ठेवला. "बाजूला होताना हे धरायचं. सोडायचं नाही. कबूल?"

"कबूल," म्हातारा म्हणाला. तो उठून, दांडा धरून उभा राहिला.

"बाजूला होताना?" मुलीनं विचारलं. "कुणासाठी?"

मिस्त्री हत्यारं भरायला लागला. स्वयंपाकघर रिकामं होतं, मागची खिडकी बंद होती. जरा वेळ काहीच झालं नाही. म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

मग ओट्यापुढे फळी वाजली. टक्.

मुलीनं वळून आत पाहिलं. कुणी नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती मधल्या दारात उभी होती, ऐन वाटेत. तिनं बापाकडे पाहिलं. तो दांडा धरून भिंतीला लागून उभा होता, पाय जवळ घेऊन, आणि दोन वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी ती दारातून बाजूला झाली.

टक्, दारातली फळी वाजली.