सुषमाताईंनी केलेला फॉर्म

बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या वळणावर सुषमा रोकडे यांचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’, आणि त्यातला ‘सर्व’ हा शब्द सुषमाताई फार मनावर घेतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्डात नाव घालणं, नाव काढणं, पोलीस भरती, अंगणवाडी भरती. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून न गेलेला सरकारी रकाना दाखवा आणि बक्षीस मिळवा. वडील अंबरनाथला काडीपेटीच्या कारखान्यात होते. मुलीने टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला, लग्न होऊन बदलापूरला आली आणि थोड्याच दिवसांत दुकान थाटून बसली. स्वभाव कडक. ‘ताई, हे रिकामं सोडलं तर चालेल का?’ असं कोणी विचारलं की त्या चष्म्यावरून अशा बघतात की माणसाला पणजोबांचं नावसुद्धा आठवतं.

दोन वर्षांपूर्वी हितेश त्यांच्याकडे एक कागद घेऊन आला. हा उल्हासनगरचा सिंधी, तिशीतला, बदलापूरच्या दुकानांना मोबाइलची कव्हरं पुरवणारा. त्याला दहा झेरॉक्स हव्या होत्या. ताईंनी सवयीने कागद वाचला. इंग्रजी फॉर्म होता: ताकद किती, चपळाई किती, अक्कल किती, हत्यार कोणतं.

‘कुठली भरती आहे रे ही?’

‘भरती नाही ताई, गेम आहे,’ हितेश म्हणाला आणि काउंटरवरच समजावू लागला. टेबलाभोवती चार जणांनी बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले लोक व्हायचं. कोण काय करणार ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने सांगायचं. मात्र खेळायला बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राचा फॉर्म भरायचा.

खेळातलं ताईंना काही कळलं नाही, पण फॉर्म भरल्याशिवाय सुरूच होत नाही म्हटल्यावर खेळाबद्दल आदर वाटला. हितेशच्या घरी नऊ माणसं, बसायला जागा नाही. रविवारी सकाळी विहारात वंदना करून आल्या की ताईंचं दुकान बंदच असायचं. मागच्या खोलीतलं टेबल त्यांनी देऊन टाकलं.

मंडळी जमली. अंबरनाथ पश्चिमेची राजसी आली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, बडबडी. आणि देऊ आला. चामटोलीच्या पुढच्या ठाकरवाडीतला, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला, बावीस-तेवीसचा. तो आला होता जातीच्या दाखल्यासाठी. प्रिंटर अडकला म्हणून थांबला, मागच्या खोलीत पडून राहिलेला फासा पाहिला आणि त्या दिवसापासून एकही रविवार चुकवला नाही.

पात्रं बनवायला हितेशच्या फोनवर एक सॉफ्टवेअर होतं, सगळं इंग्रजीत. देऊ आश्रमशाळेत दहावी झालेला. इंग्रजी वाचायचा, पण एकेक अक्षर लावत. मग हितेश मायेनेच म्हणायचा, ‘छोड ना देऊ, तुझं मी बनवतो.’ आणि बनवायचा. ताकद अठरा, अक्कल सहा, हातात कुऱ्हाड. ते पात्र मेलं की नवं, ताकद अठरा, अक्कल सहा, हातात कुऱ्हाड. असे पाच कुऱ्हाडवाले झाले. गोष्टीत दरवाजा आला की देऊने तो तोडायचा, आणि बाकीच्यांनी आत शिरून पुढचं ठरवायचं.

एका रविवारी सगळे गेल्यावर देऊ खुर्च्या लावता लावता म्हणाला, ‘ताई, पुढल्या येळेपासून मी नाय यायचा.’

‘का रे? सुट्टी बदलली?’

‘सुट्टी हाय. पन तो गडी माझा नाय ना. हितेशभाईचा हाय. मी नुसता फासा टाकतो.’

ताईंना हे झोंबलं. बावीस वर्षं त्यांनी लिहायचं आणि समोरच्याने सही नाहीतर अंगठा करायचा. आपण काय लिहून घेतलं हे त्यातल्या कितींना कळलं होतं? त्या म्हणाल्या, ‘दोन आठवडे दे मला. एकदाच ये. तुझा फॉर्म मराठीत असेल आणि तूच भरशील. नाही आवडला तर नको येऊस.’

बोलून बसल्या खऱ्या, पण सॉफ्टवेअर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एक्सेल मात्र ठाऊक होतं, आणि चांगलंच. राजसीने नियम सांगितले, ताईंनी ते घातले. ताकद, चपळाई, अक्कल अशा सहा रकान्यांत मिळून सत्तर गुण वाटायचे. एकही जास्त झाला की आकडा लाल. धंदा निवडला की अंगातली कौशल्यं आपोआप पुढे. राजसी बघतच राहिली.

‘ताई, एवढे फॉर्म्युले तुम्हाला कोणी शिकवले?’

‘पेन्शनीतल्या फरकाचा तक्ता करून बघ एकदा, सगळं येतं.’

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. नव्याने कशाला मांडा म्हणून ताईंनी गिऱ्हाइकांचीच जुनी फाइल उघडून तिच्यावर काम सुरू केलं होतं. त्यामुळे संपूर्ण नाव, आडनाव प्रथम. वडिलांचं नाव. कायमचा पत्ता, पिन कोडसह. जन्मतारीख. एकही रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडायचं नाही. राजसीने तीनशे वर्षांची चेटकीण बनवायला घेतली, तर तिच्या गुहेचा पिन कोड मागितला गेला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी कुरकुरत पिन कोड काढला, पण जन्मतारखेला हात लावू देईनात. ‘मग वय कशावरून काढणार?’ आणि तारीख माहीत नसेल तर फाइल स्वतःच एक जून घालायची. ज्याचा जन्म कुठे नोंदलेला नाही त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे, म्हणून अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. सुषमाताईंचाही येतो. चेटकिणीचाही आला.

ठरलेल्या रविवारी देऊ आला. कॉम्प्युटरसमोर बसला. माउस हिसकावून घ्यायचा मोह नको म्हणून ताई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. एका बोटाने त्याने नाव टाइप केलं: जनू. वडिलांच्या नावाशी थोडा थांबला, मग तेही लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यात आपोआप एक जून उमटलं, आणि हितेश आणि राजसी खो खो हसू लागले.

देऊ हसला नाही. ‘आधारवर माझी पन हीच हाय,’ तो म्हणाला. ‘गुरुजींनी लावलेली. आई बोलते, मी झालो तवा भात पोटरीला आलता. जूनात तर पेरनी, कनसं धरायला कुठला भात पोटरीला?’ त्याने तारीख पुसली आणि लिहिलं, ‘भात पोटरीला आला तेव्हा’.

पडद्यावर लाल अक्षरं आली: दिनांक अवैध. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्याने कीबोर्डवरून हात उचलला आणि खुर्ची मागे सारली.

‘ऱ्हाऊ दे ताई. हितेशभाई, तूच कर.’

ताईंच्या तोंडात वाक्य तयार होतं: ‘तसं चालत नाही बाबा, तारीखच लागते.’ वाडीवरून आलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी ते ऐकवलं होतं, आणि दर वेळी ते खरंच होतं. फॉर्म तहसीलचा, रकाना तहसीलचा. त्यातलं टिंब इकडचं तिकडे करायची ताईंची काय बिशाद? त्या बायकांचे पडलेले चेहरे बघून त्यांना वाईट वाटायचं, पण वाईट वाटून रकाना रुंद होत नाही. तेच वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. हा फॉर्म कुठल्या कचेरीतून आलेला नव्हता.

‘सरक,’ त्या देऊला म्हणाल्या.

कोणी छेडछाड करू नये म्हणून त्यांनीच फाइलला पासवर्ड घातला होता. तो काढला. तारखेची अट पुसली. ‘जन्मतारीख’ हे शब्दही पुसले आणि लिहिलं, ‘जन्म कधीचा, तुम्हाला ठाऊक असेल तसा’. असा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

‘आता लिही काय लिहायचंय ते. फॉर्म माझा आहे.’

त्यानंतर देऊ कुठे अडला नाही. अक्कल अठरा. ताकद सहा. हितेशने कपाळावर हात मारला. ‘अरे साईं, ताकद सिर्फ छह? पहिल्याच लढाईत मरशील!’ देऊने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हत्यार: नाही. धंद्याच्या यादीत योद्धा होता, चोर होता, मांत्रिक होता; देऊ शेवटच्या ‘इतर’वर गेला आणि त्याने लिहिलं, ‘तंटा मिटवणारा’.

खेळ सुरू झाला. हितेशने डोंगरावरचा किल्ला उभा केला, बंद दरवाजा, आत पहारेकरी. आणि सवयीने म्हणाला, ‘चल देऊ, तोड.’

‘जनू दरवाजा नाय तोडत,’ देऊ म्हणाला. ‘जनू भायेर बसतो. आन इचारतो, आत कोन हाय? कोनाला भिऊन कडी घातलीय?’

हितेशने वही चाळली. त्यात तीन लढाया होत्या, या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याने वही मिटली, हसला, आणि पहारेकरी होऊन बोलू लागला. मग पाऊण तास एक दाराच्या आत, एक बाहेर. फाशाला कोणी हात लावला नाही. ताई चहा घेऊन आल्या त्या ट्रे हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांना रडू येत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

साडेपाचला सगळे उठले. देऊने आपल्या फॉर्मची प्रिंट दोनदा वाचून खिशात ठेवली आणि चपला घालता घालता विचारलं, ‘ताई, पुढल्या रविवारी पन दोनलाच ना?’

‘दोनलाच,’ ताई म्हणाल्या. ‘आणि उशीर नको. त्या पहारेकऱ्याने अजून कडी काढलेली नाही.’