कमलाक्काची गाडी आणि पंचवीस किलोमीटर

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कमलाक्काशी घासाघीस करायला लोक बिचकतात, ते काही उगीच नव्हे. तिच्या खणाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी घसा साफ करतं आणि मग भाव विचारतं. "परवडत नसेल तर पुढचं दुकान बघा, वाट मोकळी आहे," असं ती एकदा मराठीत सांगते आणि एकदा कानडीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको! पण बाई सरळ. खणाचा रंग गेला तर हुज्जत न घालता बदलून देईल.

नवरा, श्रीकांतराव, गेले तेव्हा दारात गाडी होती आणि चालवणारं कुणी नव्हतं. मुलगा निखिल म्हणाला, "विकून टाकू, माझी एक आहे ती पुरे." कमलाक्का कसली ऐकते! पन्नाशी उलटलेली बाई विद्यानगरातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींच्या रांगेत जाऊन बसली. पोरी हसल्या, मास्तर वैतागला, निखिल आठवडाभर फुगून बसला, आणि बाई गाडी शिकली की!

तिला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. अळणावरजवळच्या खेड्यात गोदावरी म्हणून एक बाई राहते. ती आणि तिच्या शेजारणी कमलाक्काच्या खणाची परकर-पोलकी शिवतात, बाळांच्या कुंच्या शिवतात. आधी ही सगळी गाठोडी बसमधनं जायची आणि दर खेपेला कंडक्टरशी भांडण ठरलेलं. गाडी हाताशी आली तशी बाई आपल्या मर्जीची झाली. वाटेल तेव्हा निघावं, गोदावरीकडं भाकरी खावी, दिवस कलायच्या आत परत यावं. श्रीकांतराव गेल्यापासून घरात जो गप्पपणा भरला होता, तो त्या रस्त्यावर तिला विसरायला व्हायचा.

निखिलला हे बघवेना. शेवटी त्यानं अट घातली, "रस्त्यात अडकलीस आणि मला न्यायला यावं लागलं, तर त्या दिवशी किल्ली माझ्याकडं. गाडी विकायची."

"कबूल," कमलाक्का म्हणाली. "पण विमा काढशील तो रस्त्यात मदत देणारा काढ. अळणावरहून घरापर्यंत गाडी ओढून आणली पाहिजे. ऐकलंस?"

"हो गं आई, ऐकलं," म्हणत त्यानं मोबाइलवर विमा काढला.

आणि परवा, गोदावरीच्या गावातनं निघून मुख्य रस्त्याला लागते न लागते तोच क्लच गेला. कमलाक्का घाबरली नाही. विमा कंपनीला फोन लावला, झाडाखाली बसून राहिली. ट्रक आला. चालवणारा गुरुप्रसाद म्हणून होता, बोलायला मऊ. त्यानं गाडी वर चढवून साखळ्या लावल्या, अक्काला शेजारी बसवून घेतलं. बाईचा जीव भांड्यात पडला. निखिलला सांगायचीसुद्धा गरज नाही!

वाटेतलं धारवाड अजून बरंच पुढं होतं, तेव्हा गुरुप्रसादनं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

"अक्का, गाडी इथं उतरवायची."

"इथं? इथं काय माझं माहेर आहे?"

"तुमच्या पॉलिसीत पंचवीस किलोमीटरच आहेत. ते संपले. पुढं जायचं तर भाडं तुमचं. नाहीतर घरच्या कुणाला बोलवा."

कमलाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला रान, आणि मध्ये उतरवायची गाडी! ही मदत की चेष्टा? वरून कीर्तन, आतून तमाशा! तिनं तिथनंच कंपनीला फोन लावला आणि जी सुरू झाली, की गुरुप्रसाद खाली उतरून उगीच टायर बघत उभा राहिला.

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, घरापर्यंत पोचवायचीही सोय होती. पॉलिसी घेताना पंचवीस किलोमीटरची निवडलीय."

"कुणी निवडली? आग लागो त्या निवडीला!"

"नोंदलेला नंबर निखिल यांचा आहे, मॅडम. त्यांना आत्ताच मेसेज गेलाय."

फोन ठेवते तोवर निखिलचा आलाच. "आई, मेसेज बघितला. तिथंच थांब, मी निघालोय. आणि आता ठरल्याप्रमाणं..."

"कसलं ठरल्याप्रमाणं? मी तुला बोलावलं? तुला मी घरापर्यंतची घे म्हणून सांगितलं होतं. का घेतली नाहीस? पैसे वाचवलेस?"

"पैशाचं नाही गं," निखिल म्हणाला. "एकदा रस्त्यात अडकलीस की आपोआप लांब जायचं सोडशील, असं वाटलं. तुझ्या काळजीपोटीच केलं, आई."



"काळजी?" ती ओरडली. "काळजी असती तर आई कुठंही अडकली तरी घरापर्यंत यावी, असं वाटलं असतं तुला! तू मला रानात सोडणारी निवडलीस. पोटचा पोरगा तू, आणि मी कधी अडकते त्याची वाट बघत बसलास?"

रागानं तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं फोन बंद केला.

"होगली बिडक्का," गुरुप्रसाद चाचरत म्हणाला. जाऊ दे, सोडा.

"काय सोडू? आयुष्यभर सोडतच आले की!" तिनं पदरानं तोंड खसाखसा पुसलं. "भाडं माझं. हुबळीला, माझ्या घरापर्यंत. चला."

धारवाड जवळ आलं तेव्हा समोरनं निखिलची गाडी आली. ट्रकवरची गाडी त्यानं ओळखली असणार. लाइट मारत, हात बाहेर काढून तो थांबा, थांबा करत होता.

गुरुप्रसादनं ब्रेकवर पाय ठेवला. "अक्का, मुलगा काय तुमचा? थांबू?"

"नको," कमलाक्का म्हणाली, आणि निखिलची गाडी शेजारनं गेली तरी तिनं मान वळवली नाही.