तहवाल्या प्रधानांचा चेहरा

माझी आत्या शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायची. हौस म्हणून नव्हे, नोकरीच होती ती. पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीपाशी तिचं टेबल होतं. त्या टेबलावर तिने तेवीस वर्षं राजे, राण्या, दर्यावर्दी आणि मुत्सद्दी काढले. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, दिवसभर एवढे राजे समोर बसलेले असतात, संध्याकाळी आणखी एकाचा रुबाब कोण सहन करणार.

ज्यांचं एखादं जुनं चित्र किंवा नाण्यावरचा ठसा सापडायचा, त्यांचं काम सोपं असे. ज्यांचं काहीच सापडत नसे त्यांच्यासाठी ती आधी कपडे शोधायची, मग त्या काळची खुर्ची, दिवा, दौत, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. एका दर्यावर्द्याला तिने आमच्या दूधवाल्याचं नाक दिलं होतं आणि एका राणीला शेजारच्या मास्तरीणबाईंची हनुवटी. नाक उसनं, हनुवटी उसनी, पण माणूस कुणाचा नाही, असं ती सांगायची. हा नियम तिने एकदाच मोडला.

त्या वर्षी इतिहासाचं पुस्तक छापायला जायला आठ दिवस उरले होते आणि तहवाल्या प्रधानांच्या धड्याला चित्रच नाही, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. हे प्रधान तीनशे वर्षांपूर्वीचे. गादीवरचा राजा लहान होता, शेजारच्या राज्याशी एकोणीस वर्षं युद्ध चाललेलं होतं, ते यांनी तह करून थांबवलं. आमच्याकडे पोरासोरांना त्यांचं नाव पाठ. पण ते दिसायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हयातीतलं एकही चित्र उरलेलं नव्हतं.

आत्या रविवारी कागद घेऊन आमच्या घरी आली. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा, घड्याळं दुरुस्त करायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या चढून जायचं असं त्यांचं चिंचोळं दुकान होतं. रविवारी ते घरी असत. आत्याने त्यांना खिडकीत बसवलं, खांद्यांवरून चादर लपेटली आणि युद्ध थांबवल्यासारखं बघायला सांगितलं. ते कसं बघायचं, असं बाबांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला घड्याळ सांगितलेल्या दिवशी दिल्यावर बघतोस तसं," आत्या म्हणाली.

"तो प्रसंग अजून आलेला नाही," आई आतून म्हणाली.

बाबा हसले आणि तेच हसू विरता विरता आत्याने पकडलं. रुंद कपाळ, जाड भुवया, खाली वळलेले ओठ. डोळ्याला भिंग लावून लावून बाबांचा डावा डोळा थोडा बारीक झाला होता, तोही तिने जसाच्या तसा उतरवला. चित्राखाली बारीक अक्षरांत "काल्पनिक चित्र" असं छापलं गेलं. दुसऱ्या आवृत्तीत चित्र जरा मोठं केलं, खाली जागा उरली नाही, ते दोन शब्द गळले. मुद्दाम कुणी केलं नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर ते कुणी परत टाकलेही नाहीत.

पुस्तक लाखो घरांत गेलं. मग तो चेहरा कॅलेंडरवर आला, टपालाच्या तिकिटावर आला, कचेऱ्यांच्या भिंतींवर लागला. पाचव्या वर्षी मोठ्या चौकात कांस्याचा पुतळा उभा राहिला. शिल्पकाराने समोर शाळेचं तेच पुस्तक ठेवून काम केलं होतं. एका विद्वानाने जाडजूड ग्रंथात लिहिलं की प्रधानांच्या त्या बारीक डोळ्यातच त्यांच्या मुत्सद्देगिरीची धार दिसते. बाबांनी ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

बाजारात त्यांना सगळे "प्रधानजी" म्हणू लागले. आधी थट्टेने, मग सवयीने. माझे बाबा मुळात रांगेत कुणी मध्ये घुसलं तर मागे सरकणारे. पण त्या नावाने त्यांच्यात हळूहळू फरक पडला. पाठ ताठ झाली. बोलणं सावकाश झालं. दोन दुकानदारांचं वाजलं की लोक त्यांना बोलवायचे, "प्रधानजी, तुम्हीच सांगा." आणि ते खरंच दोघांचं ऐकून घेऊन काहीतरी तोडगा काढायचे. वाचनालयातून प्रधानांवरची पुस्तकं आणून वाचायचे. आईची कुरकूर चालूच असायची, की राज्यकारभारातून सवड मिळाली तर मोरीचा नळ बघा. पण तिलाही ते आवडत होतं. बाजारात तिच्यासाठी लोक वाट करून द्यायचे.

बारा वर्षं अशी गेली.

मग जुन्या कागदांच्या एका पेटीत प्रधानांच्या सहीचं पत्र सापडलं आणि वर्तमानपत्रांनी ते छापलं. सीमेवरच्या तीन गावांची धान्याची कोठारं हिवाळ्याच्या तोंडावर जाळून टाका, म्हणजे शत्रूच्या फौजेला दाणा मिळणार नाही, असा तो हुकूम होता. फौज उपाशी राहिली, तहाला तयार झाली. त्या तीन गावांतली माणसंही उपाशी राहिली. वसंत येईपर्यंत निम्मीअधिक मेली. उरलेली शहराकडे आली, आणि त्यांचे वंशज नदीपलीकडच्या वस्तीत अजून राहतात. कुणी रंगारी, कुणी हमाल. ते लोक ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत होते. त्यांच्याकडे कागद नव्हता म्हणून कुणी ऐकली नव्हती.

वस्तीतून मोर्चे निघाले. पुतळ्यावर शाई पडली. भिंतींवर प्रधानांच्या चेहऱ्याची चित्रं लागली, त्यांवर लाल फुली. बाबा दुकानात जाता येता दोन्ही बाजूंना स्वतःच्या तोंडावरच्या फुल्या बघत चालायचे. आत्याने त्यांना काही दिवस दुकान बंद ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, लोक मला ओळखतात.

वस्तीतली एक म्हातारी रंगारीण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं यायची. तिचे हात मनगटापर्यंत निळे असत. तिचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आलेलं होतं, ते ती अर्धवट उघडलेलं तसंच परत मागू लागली. बाबांनी कारण विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही, भाऊ," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे बघवत नाही."

बाबांनी स्क्रू एका पुडीत बांधून दिले. ती परत कधी आली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी भर दुपारी मोर्चातून परतणारी चारपाच पोरं गल्लीतून चालली होती. बाबा पायरीवर उभे होते. एकाने बघितलं, दुसऱ्याला दाखवलं. डब्यात उरलेली शाई त्यांनी बाबांच्या तोंडावर फेकली, कुणीतरी ढकललं, आणि बाबा तीन पायऱ्यांवरून उजव्या हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज आल्यावर पोरं घाबरून पळाली. समोरचा चांभार सांगत होता, त्यांतल्या एकाने मागे वळून "काका, लागलं का?" असं विचारलं होतं.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. मी तेव्हा दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होते. माझ्याच खिडकीसमोर त्यांना आणलं, आणि निळ्याजांभळ्या शाईखाली मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा आणि तर्जनी जवळ यायची, पण चिमट्यात दातेरी चाक धरण्याएवढी घट्ट मिटायची नाहीत. हा हात आता एवढाच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आत्या रोज यायची, बाबांच्या पायाशी बसायची आणि उठून जायची. एके दिवशी ती कार्यालयातल्या साहेबांकडे गेली. त्यांच्यापुढे तिने पहिल्या आवृत्तीचं पुस्तक आणि मूळ चित्र ठेवलं, आणि हा चेहरा काल्पनिक आहे असं कार्यालयाने जाहीर करावं, अशी मागणी केली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला चहा पाजला आणि समजावलं. या पुस्तकातला कोणता चेहरा खरा आहे, बाई? एक धागा ओढला तर सगळं उसवेल. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, गप्प बसा, वादळ निघून जाईल.

पुतळा ठेवावा की काढावा यावर नगरपालिकेने लोकांची सुनावणी ठेवली होती. आत्या रजा टाकून तिथे गेली. सोबत मी होते. सभागृह खच्चून भरलेलं, एका बाजूला पुतळा हवा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला वस्तीतले लोक. तिची पाळी आली तेव्हा तिने चित्र वर धरलं. तिने सांगितलं की हा चेहरा प्रधानांचा नाही. तो तिच्या भावाचा आहे, तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि ज्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही तिच्यासाठी त्याचा हात मोडलाय.

दोन्ही बाजू तिच्यावर उठल्या. एका बाजूला वाटलं ही थोर माणसाचा अपमान करतेय. दुसऱ्या बाजूला वाटलं ही विषय भरकटवून पुतळा वाचवायला बघतेय. गोंगाट जरा कमी झाल्यावर वस्तीतला एक म्हातारा उठला.

"मग तो दिसायचा कसा?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "कुणालाच माहीत नाही."

म्हातारा तिच्या हातातल्या चित्राकडे बघत उभाच राहिला. आपण इतकी वर्षं नक्की कुणाकडे बघून रागावत होतो, याचा तो हिशेब लावत असावा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं वर्तमानपत्रात आलं, बाबांच्या फोटोसकट. त्यांना आता कुणी हात लावणार नाही, या समाधानात आत्या संध्याकाळी आमच्याकडे आली. बाबा खिडकीत बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"चेहरा घेताना तू मला विचारलं होतंस," ते म्हणाले. "परत देताना विचारलं नाहीस."

आत्याला आधी कळेचना. ती म्हणाली, "दादा, तुला पुन्हा कुणी मारलं असतं तर?"

"तर प्रधान म्हणून मारलं असतं. बारा वर्षं लोक मला उठून जागा द्यायचे. आता मी कोण? चुकून मार खाल्लेला घड्याळवाला."

आईने मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर ते उठून आतल्या खोलीत गेले. त्यानंतर चौदा महिने ते आत्याशी बोलले नाहीत.

या चौदा महिन्यांत बाकीचं सगळं ज्याच्या त्याच्या गतीने झालं. कार्यालयाने आत्याला निलंबित केलं. चौकशी लांबत गेली तशी तिने कंटाळून राजीनामा दिला. पुतळा काढून पालिकेच्या गोदामात ठेवला, पुढे काय करायचं ते अजून ठरत नाही. पुस्तकात आता चित्राच्या जागी तहाचा नकाशा आहे, आणि धड्यात कोठारांवरचा एक परिच्छेद. आत्या म्हणते, परिच्छेद आखूड आहे, पण आहे.

बाबा दुकान उघडून बसायचे. डाव्या हाताने काम शिकायचा प्रयत्न करायचे. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून जमिनीवर पडलेली केसाएवढी स्प्रिंग शोधत होते. सापडली तेव्हा ती पिळवटलेली होती. त्यांनी ती माझ्यासमोर खिशात टाकली, जणू काही झालंच नाही. मी तशीच आत्याकडे गेले आणि हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. बाबांनी वर बघितलं नाही. ती दिवसभर बसली. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी एक उघडलेलं मनगटी घड्याळ, चिमटा आणि भिंग तिच्यापुढे सरकवलं. तिने भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला.

"कोपर टेकव," बाबा म्हणाले.

तेवीस वर्षं बारीक कुंचला धरलेला तिचा हात. वर्षभरात ती बरीचशी घड्याळं एकटी उघडायला लागली. बिघाड कुठे आहे ते बाबा कानाला लावून सांगायचे, दुरुस्ती ती करायची. याला आता सहा वर्षं झाली. चित्रं तिने सोडली. मध्यंतरी एक शिक्षक शाळेच्या भिंतीसाठी दर्यावर्द्याचं चित्र मागायला आले, तर तिने त्यांना फक्त जहाज काढून दिलं.

चेहरा परत दिल्यावरून बिनसलं त्या संध्याकाळविषयी ते दोघं कधी बोलत नाहीत. बाबांची पाठ आता वाकली आहे. बाजारात वाद झाला तर लोक त्यांना बोलवत नाहीत, आणि तेही पायरीवर येऊन बघत नाहीत. मी एकदा आत्याला विचारलं, सभेत बोललीस याचा पस्तावा होतो का?

"बोलले त्याचा नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी सभेच्या आधी मी दादाला विचारायला जायला हवं होतं. तुमच्या दारापर्यंत आले होते गं. त्याने नको म्हटलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून तशीच मागे फिरले."

हे तिने बाबांना अजून सांगितलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.